गंधकावर पोसलेले जीव

प्राणिमात्राचें अन्न अखेर सूर्यापासूनच येतें, ही समजूत शाळेंतील मुलाचीहि असते. गाय गवतावर जगते आणि गवत सूर्यप्रकाशावर. या नियमास अपवाद असूं शकेल, हें सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८८७ सालीं दाखविलें. गंधकयुक्त पाण्यांत राहणाऱ्या बेगियाटोआ नांवाच्या तंतुमय जंतूंवर तो प्रयोग करीत होता. कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी असणारा हायड्रोजन सल्फाइड वायु पाण्यांत असेपर्यंत या जंतूंच्या देहांत गंधकाचे कण सांचत. तो वायु संपतांच कणहि नाहींसे होऊन त्यांचें सल्फेट होई. चुलींत लांकूड जळावें, तसा हा जंतु प्राणवायूच्या साहाय्यानें गंधक जाळीत होता. ज्वाला मात्र नव्हती.

परंतु अशा क्षुद्र जंतूंवर मोठे प्राणी पोसले जात असतील, हें ध्यानांत येण्यास १९७७ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं गॅलापागोस बेटांजवळ ‘ॲल्विन’ ही पाणबुडी सुमारें २५०० मीटर खोल उतरली. मंडळी समुद्रतळाचे उष्ण झरे शोधावयास गेली होती; त्यांत जीवशास्त्रज्ञ एकहि नव्हता. त्या गाढ अंधारांत झऱ्यांभोंवतीं शिंपल्यांची आणि नळींत राहणाऱ्या कृमींची दाट वस्ती आढळली. कांहीं नमुने तर रशियन व्होडकेंत बुडवून आणावे लागले!

हा नळीकृमि दोन मीटरपर्यंत वाढतो. पण प्रौढास तोंड नाहीं, आंतडें नाहीं. मग तो खातो काय? हार्वर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थिनी कॉलीन कॅव्हनॉ यांनीं १९८१ सालीं उत्तर दिलें: कृमीच्या देहांतच गंधकजीवी जंतूंचें कोठार आहे. हायड्रोजन सल्फाइड श्वसनाची क्रिया बंद पाडतो, म्हणून तो आपणांस विष. कृमीच्या रक्तांतील हिमोग्लोबिन मात्र या विषास प्राणवायूहून वेगळ्या जागीं बांधून जंतूंकडे पोंचवितें. जंतु तें जाळतात आणि मिळालेल्या शक्तीनें कर्बवायूपासून अन्न तयार करून यजमानासहि पोसतात.

तरीहि सूर्याचें ऋण येथें पुरतें फिटलेलें नाहीं. गंधक जाळण्यास लागणारा प्राणवायु वरच्या उजेडांतील वनस्पतींनींच निर्माण केलेला असतो; थंड पाण्याबरोबर तो तळाशीं उतरतो. सूर्य विझला, तर कांहीं काळानें या कृमींचाहि संसार आटोपेल.

प्राणवायूवांचून जगणारे जंतु निराळेच. इटलींतील व्हल्कॅनो बेटाजवळ सांपडलेला पायरोडिक्टियम हा त्यांपैकीं एक. कार्ल श्टेटर यांनीं १९८२ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. सेंटिग्रेडच्या १०५ अंश उष्णतेंत तो उत्तम वाढतो. ज्वालामुखीच्या वायूंतील हायड्रोजन आणि गंधक यांचा संयोग घडवून तो शक्ति मिळवितो, आणि मागें टाकतो तो वायु हायड्रोजन सल्फाइडच.