हळद कोणी लावायची?

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



भूमितीच्या सिद्धतेत पायरी गाळली की आपल्या बाई विचारायच्या, "हे कशावरून?" तो प्रश्न मी नोकरीत रोज वापरते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कितीतरी ओळी का लिहिल्यात ते कोणालाच माहीत नसतं, पण काढायची हिंमतही होत नाही. लग्नाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारायला मला वीस वर्षं लागली.

माझं लग्न पंचवटीतल्या एका कार्यालयात झालं. तुमच्यापैकी काही जणी तिथे मिरवल्या होतात! बाबा नव्हते. कन्यादानाला काका-काकू बसले, हळद पाच सवाष्णींनी लावली आणि आई कोठीघराच्या दारात उभी राहिली. तेव्हा मला त्यात काहीच खटकलं नाही. आज तेच जास्त खटकतं.

मागच्या वर्षी भाचीचं लग्न ठरलं. ती म्हणाली, "मावशी, पहिली हळद आजीनेच लावायची." घरात एकदम शांतता. मग कोणीतरी म्हणालं, "शास्त्रात बसत नाही." मी गुरुजींना गाठलं. हे कशावरून? ते म्हणाले, "पाणिग्रहण, लाजाहोम, सप्तपदी हे गृह्यसूत्रातलं. हळद, रुखवत, कानपिळी हा लोकाचार."

मग मी वाचत गेले. प्रदेशागणिक, गावागणिक विवाहाचे आचार वेगळे असतात आणि ते पाळावेत, असं आश्वलायन गृह्यसूत्रच सांगतं. १९५५ चा हिंदू विवाह कायदाही वधू किंवा वराकडच्या रूढीप्रमाणे झालेलं लग्न मानतो. त्यात सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला ते पूर्ण होतं. हळद कोणी लावली, हे कायदा विचारत नाही.

आचार गावाचा असेल, तर गाव तो बदलूही शकतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. गावाला जमतं, तर एका घराला का जमू नये?

आईला पटवणं सगळ्यात अवघड गेलं. "पोरीच्या संसाराला काही झालं तर?" या प्रश्नाला माझ्याकडे कुठलंच सूत्र नव्हतं. भाचीच हळदीची वाटी घेऊन तिच्यापुढे जाऊन बसली. आईचा हात थरथरत होता, पण हळद तिनेच लावली. आमच्या एक आत्याबाई उठून बाहेर गेल्या. जेवायला मात्र परत आल्या.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी पाच-सात वर्षांत कार्य निघेल. पत्रिका, पंगत, फोटो सगळं नीट बघालच. त्या गडबडीत कोठीघराच्या दारात कोण उभं आहे, तेवढंही बघा.