आख्खं होम फोल्डर सिंक करावं का?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)

 

आजचा विषय एका श्रोत्यांच्या मेलमधून आला. त्यांच्याकडे तीन कॉम्प्युटर आहेत. ऑफिसचा लॅपटॉप, घरचा डेस्कटॉप आणि आईवडिलांकडे ठेवलेला जुना लॅपटॉप. त्यांनी लिहिलंय, "कुठेही बसलो तरी सगळं जिथल्या तिथे दिसावं असं वाटतं. मग आख्खं होम फोल्डरच तिन्हीकडे सिंक केलं तर काय बिघडलं?"

प्रश्न वाचला आणि मला हसू आलं. थोडं वाईटही वाटलं. कारण काही वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं, आणि काय बिघडतं ते मला पक्कं माहीत आहे. ते सांगतेच. पण आधी थोडी पार्श्वभूमी.

लिनक्सवर होम फोल्डरसाठी ती नागमोडी टिल्डची खूण वापरतात ना, तिची गोष्ट मजेशीर आहे. १९७० च्या दशकात एडीएम-३ए नावाचं टर्मिनल होतं. त्याच्या कीबोर्डवर 'होम' हा शब्द आणि टिल्ड एकाच बटणावर होते. म्हणून टिल्ड म्हणजे घर. तेव्हा हे घर एकच असायचं, कारण मशीनच एक, आणि तुम्ही फक्त टर्मिनलसमोर बसायचात.

पुढे विद्यापीठांमध्ये शेकडो मशीन्स आली, तेव्हा घर सर्व्हरवर गेलं. कार्नेगी मेलन विद्यापीठातली अँड्र्यू फाइल सिस्टिम याच कल्पनेवर उभी होती: कॅम्पसमध्ये कुठेही लॉगिन करा, तुमचं घर तिथे हजर. पण नेटवर्क गेलं की घराला कुलूप! मग तिथेच महादेव सत्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये 'कोडा' सुरू केलं. नेटवर्क नसताना काम करा, पुन्हा जोडलं गेलं की जुळवून घ्या. आज आपल्याला जे हवंय तो हाच प्रश्न आहे. आणि त्यातला अवघड भाग तेव्हाही तोच होता, आजही तोच आहे: 'जुळवून घ्या' म्हणजे नेमकं काय?

आता माझी गोष्ट.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर ते जुन्या गोष्टी सांगायला लागले, आणि मी टाइप करून ठेवायला लागले. कुठली गाडी कुठल्या घाटात अडकली, मुक्कामाच्या गावात कोणी जेवायला घातलं, असं सगळं. एका फाइलचं नाव होतं 'साताऱ्याचे दिवस'. हे नाव लक्षात ठेवा, कारण गोष्टीतला व्हिलन त्या नावातच बसलाय.

माझ्याकडे ऑफिसचा लिनक्स लॅपटॉप, घरी एक जुना मॅक आणि गावी बाबांकडे दुसरा लिनक्स लॅपटॉप. मी हुशारी करून आरसिंकची एक स्क्रिप्ट लिहिली. लॉगिन केलं की ती चालायची आणि आख्खं होम फोल्डर इकडून तिकडे करायची. त्यात 'डिलीट' हा पर्यायही लावला होता, म्हणजे इथे काढलेली फाइल तिथूनही जाईल. घर कसं स्वच्छ!

एक दिवस ऑफिसच्या लॅपटॉपवर बघते तर 'साताऱ्याचे दिवस' नावाच्या दोन फाइल्स. एकाच फोल्डरमध्ये, तंतोतंत एकाच नावाच्या. मला वाटलं, काहीतरी डबल झालंय. वरची ठेवली, खालची उडवली. कचरापेटीही रिकामी केली, सवयीने.

दोन दिवसांनी फाइल उघडली तर शेवटची चार पानं गायब. मागच्या खेपेला बाबांनी सांगितलेलं सगळं त्या उडवलेल्या फाइलमध्ये होतं. म्हटलं, घरच्या मॅकवर असेल. तिथे जुनीच प्रत. म्हटलं, गावच्या लॅपटॉपवर तर नक्की असेल. शनिवारी गावी गेले, लॅपटॉप सुरू केला, लॉगिन केलं... आणि लॉगिन केल्याबरोबर माझीच स्क्रिप्ट चालली. तिने इमानेइतबारे तिथलीही फाइल काढून टाकली. माझ्या डोळ्यांदेखत.

बाबा म्हणाले, "त्यात काय, परत सांगतो की." सांगितलंही. पण पहिल्यांदा त्यांनी एका ड्रायव्हरकाकांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं होतं, ते दुसऱ्या खेपेला आलंच नाही. मी आठवण करून दिली, तर म्हणाले, "असं म्हणाले होते का ते? असतील." ते गेलं ते गेलंच.

तर एका नावाच्या दोन फाइल्स आल्या कुठून? मराठी लिहिणाऱ्यांनी हे जरूर समजून घ्या. 'साताऱ्या'मधला ऱ्या बघा. त्यातलं अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं. एक, 'ऱ' हे सबंध एकच अक्षर, जे इनस्क्रिप्ट कीबोर्डवर एका बटणात येतं. दोन, साधा 'र' आणि त्याच्याखाली नुक्ता, अशी दोन अक्षरं. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, आत मात्र वेगळं असतं. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम नाव साठवताना अशी अक्षरं आपणहून फोडून ठेवायची. लिनक्स तसं करत नाही, जे नाव मिळेल ते जसंच्या तसं ठेवतो. त्यामुळे मॅकवरून परत आलेली फाइल लिनक्सला वेगळीच फाइल वाटली. 'दुसऱ्या', 'सुट्ट्यांचे वारे' यातलं पहिलं नाव धोक्याचं, दुसरं सुरक्षित. गंमत आहे, पण अशी आहे.

यावर उपाय आहेत. आरसिंकच्या तिसऱ्या आवृत्तीपासून नावांचं रूपांतर करणारा 'आयकॉन्व्ह' पर्याय आहे. सिंकथिंग हे सॉफ्टवेअर नावं आपणहून सरळ करतं. पण मला ते माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर दोष एकट्या नुक्त्याचा नाही, माझ्या कल्पनेचाही होता. मी दोन गोष्टींची गल्लत केली होती.

पहिली गल्लत: सिंक म्हणजे बॅकअप असं समजणं. तीन मशीनवर तीन प्रती आहेत, मग भीती कसली? पण सिंक तुमची चूकही तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोचवतं. बॅकअपचं काम बरोबर उलटं: कालचं जसं होतं तसं धरून ठेवणं, आज तुम्ही काहीही केलंत तरी.

दुसरी गल्लत हत्याराची. आरसिंक हे अफलातून साधन आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये ते आणलं. मोठ्या फाइलमध्ये एक ओळ बदलली तर सगळी फाइल न पाठवता बदललेला तुकडाच पाठवायचा, ही त्याची करामत. पण ते एका दिशेचं साधन आहे आणि त्याला मागचं काही आठवत नाही. समजा, एक फाइल इथे आहे आणि तिथे नाही. ती इथे नवीन केली म्हणून आहे, की तिथे काढून टाकली म्हणून नाही? आत्ताची स्थिती बघून हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यासाठी मागच्या भेटीत दोन्हीकडे काय होतं, ते लक्षात ठेवावं लागतं.

युनिसन नेमकं हेच करतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बेंजामिन पिअर्स यांच्या पुढाकाराने ते तयार झालं. मागच्या सिंकची नोंद ते ठेवतं, दोन्हीकडे काय बदललं ते बघतं, आणि दोन्हीकडे एकच फाइल बदलली असेल तर थांबून तुम्हाला विचारतं. २०१३ च्या अखेरीस आलेलं सिंकथिंगही नोंद ठेवतं, पण न विचारता सतत चालतं. दोन्हीकडे बदल झाला तर जुन्या वेळेची प्रत 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' असं नाव देऊन बाजूला ठेवतं. तुमचा मजकूर मधल्या कुणाच्या सर्व्हरवर साठत नाही, मशीन एकमेकांशी थेट बोलतात. मात्र त्यासाठी निदान दोन मशीन एकाच वेळी चालू हवीत.

आता मूळ प्रश्नावर येते. आख्खं होम फोल्डर का नको?

कारण ते दिसतं एक, पण त्यात चार वेगळ्या जातीचं सामान असतं. घर बदलताना आपण काय करतो? भांडी, पुस्तकं, फोटो नेतो. भिंतीतली वायरिंग उखडून नेत नाही. तसंच इथे.

पहिली रास: तुम्ही स्वतः केलेल्या गोष्टी. लेखन, टिपणं, फोटो, हिशेब, रेकॉर्डिंग. हे सिंक करा. माझं हे सगळं एकाच फोल्डरखाली आहे, आणि तेवढंच सिंकथिंगमध्ये आहे.

दुसरी रास: सेटिंग्ज. टिंबाने सुरू होणाऱ्या त्या लपलेल्या फाइल्स. रॉब पाइक यांनी सांगितलंय की टिंबवाल्या फाइल्स लपणं हा मुळात अपघात होता. यादीत एक टिंब आणि दोन टिंबं या नोंदी दिसू नयेत म्हणून कोणीतरी सोपी युक्ती केली, आणि टिंबाने सुरू होणारं सगळंच दिसेनासं झालं. त्या आडोशाला पुढे सगळ्या प्रोग्रॅम्सनी आपापला पसारा मांडला. यातल्या तुम्ही हाताने लिहिलेल्या मोजक्या फाइल्स गिटमध्ये ठेवा. कुठल्या मशीनवर कुठला बदल घ्यायचा ते तुमच्या हातात राहतं. लॅपटॉपचा छोटा स्क्रीन आणि घरचा मोठा मॉनिटर यांना एकच सेटिंग चालत नाही.

तिसरी रास: मशीनने स्वतःसाठी केलेलं. कॅश, ब्राउजरचं प्रोफाइल, व्हर्च्युअल मशीन, डेटाबेस. याला हात लावू नका. कॅश नेऊन फायदा नाही, ती नव्याने तयार होते. पण ब्राउजरचं प्रोफाइल नेणं धोक्याचं आहे. त्यात एसक्यूलाइटचे डेटाबेस असतात. चालू असताना त्यांचा मजकूर मुख्य फाइल आणि सोबतची लॉग फाइल अशा दोन ठिकाणी असतो. एक आधी पोचली, दुसरी नंतर, की डेटाबेस बिघडला. ब्राउजरचं स्वतःचं सिंक असतं, ते वापरा.

चौथी रास: किल्ल्या. एसएसएचची खासगी की सगळीकडे फिरवू नका. प्रत्येक मशीनला वेगळी की करा. उद्या लॅपटॉप लोकलमध्ये राहिला, तर सर्व्हरवरून तेवढी एक की काढली की झालं. सगळीकडे एकच की असेल तर सगळी कुलुपं बदलत बसावं लागेल.

आता मी काय करते ते पटकन सांगते. आवडलं तर घ्या.

गावचा लॅपटॉप आता रिटायर झालाय. तो घरी आणून कायम चालू ठेवलाय, म्हणजे बाकीचे दोघे एकमेकांना भेटले नाहीत तरी त्याला भेटतात. सिंकथिंगमध्ये व्हर्जनिंग सुरू केलंय, कारण ते आपणहून सुरू नसतं. आणि इथे एक खाचखळगा आहे: जुनी प्रत ठेवली जाते ती दुसरीकडून आलेल्या बदलांची. म्हणजे ऑफिसच्या लॅपटॉपवर मी फाइल उडवली, तर तिची प्रत त्याच लॅपटॉपवर शोधू नका, ती घरच्या मशीनवर राहते. म्हणून व्हर्जनिंग सगळीकडे लावायचं. काय वगळायचं याची यादी असलेली फाइलही सिंक होत नाही, तीसुद्धा प्रत्येक मशीनवर वेगळी लिहावी लागते.

आणि दर रविवारी एका बाहेरच्या डिस्कवर बॅकअप. त्यासाठी आरसिंकच, पण दर वेळी तारखेच्या वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि 'डिलीट' न लावता. काम झालं की डिस्क काढून कपाटात. जी डिस्क जोडलेली नाही, तिच्यापर्यंत माझी चूक पोचत नाही. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल परत आणून उघडूनही बघते. न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा.

आरसिंकमध्ये 'डिलीट' वापरायचंच असेल, तर आधी 'ड्राय रन' करा. तो काहीही न करता फक्त काय करणार आहे ते सांगतो. मी ते वाचलं असतं, तर 'साताऱ्याचे दिवस' हे नाव काढायच्या यादीत दिसलं असतं.

तर ज्यांनी मेल केला त्यांना माझं उत्तर: आख्खं घर नका हलवू. एक फोल्डर निवडा, दोन मशीनमध्ये महिनाभर चालवून बघा. मुद्दाम नेट बंद करून दोन्हीकडे एकच फाइल बदला, काय होतं ते पाहा. विश्वास बसला की पुढचं. आणि एकसारख्या नावाच्या दोन फाइल्स दिसल्या, तर उडवण्याआधी दोन्ही उघडा. दोन मिनिटं लागतात.

बाबांच्या फाइलमध्ये आता जवळपास साठ पानं झालीत. त्या चार पानांच्या जागी मी एवढंच लिहून ठेवलंय की इथे आणखी एक गोष्ट होती.

तुमच्याकडे असा काही प्रसंग घडला असेल, तर जरूर कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवेन. तोवर, काळजी घ्या. तुमचीही, आणि फाइल्सचीही. नमस्कार.