म्हातारपण, विसर आणि मेंदूतील दाह
(व्याख्यानाचा संक्षेप)



'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण सहज वापरतो. परंतु आजी जेवून उठते आणि 'मला कोणी वाढलेच नाही' म्हणते, बाबा रोजच्या गल्लीत वाट चुकतात, तेव्हा तो वयाचा दोष नसून आजार असू शकतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्याचे प्रमाण स्त्रियांत व खेड्यांत अधिक आढळले. अल्झायमर हा त्यातील प्रमुख आजार.

१९०६ साली जर्मनीतील डॉ. आलॉइस अल्झायमर यांनी अशा एका महिलेच्या मेंदूत प्रथिनांचे साठे व गुंते पाहिले. पुढे त्यांना अमायलॉइड आणि टाऊ ही नावे मिळाली. पण नुकसान एवढ्यानेच होत नाही. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या रक्षक पेशी असतात. रावेर-यावलच्या केळीच्या बागेतील जागल्याच म्हणा ना! तो रानडुकरे हाकलतो. पण रात्रभर अंधारात काठी फिरवत राहिला, तर उभी केळीच मोडेल. या पेशीही आधी अमायलॉइड साफ करतात. ते हटत नाही, तेव्हा त्या सतत दाहक रसायने सोडतात आणि चांगल्या पेशींचे जोडही तुटतात. ट्रेम-२ या जनुकातील एका दुर्मिळ बदलाने आजाराचा धोका सुमारे तिप्पट होतो, हे २०१२ साली दिसले. हे जनुक याच रक्षक पेशींत काम करते.

मग सूज उतरवणाऱ्या गोळ्या घ्याव्यात काय? नाही! अमेरिकेत वृद्धांवर अशा दोन औषधांची चाचणी झाली. २००४ साली औषधे थांबवली गेली, आजार टळल्याचे दिसले नाही. मनाने गोळ्या घेतल्यास पोट व मूत्रपिंड मात्र बिघडते. हळदीचाही उपयोग रुग्णांवर सिद्ध झालेला नाही.

आपल्या हाती आहे ते करू या. रक्तदाब व साखर ताब्यात ठेवा, तंबाखू सोडा, चाला, ऐकू कमी येत असेल तर यंत्र लावा. विसर वाढला तर भगताकडे नेऊ नका, घरात कोंडू नका. धुळे-जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता किंवा नैराश्य यांनीही विसर पडतो, आणि तो उपचाराने सुधारू शकतो.

विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर आजीशी दहा मिनिटे बोला. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर पुन्हा उत्तर द्या. आणि सेवेचा सगळा भार एकट्या सुनेवर टाकू नका.