इंजिन कधी बंद पडते ते पाहा, का ते कळेल

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



भाव, कर्ज आणि वीज यांवर आजच्या बैठकीत बोलणे होईलच. त्याआधी एका लहान इंजिनाबद्दल बोलू. लहान म्हणतो, पण ऐन हंगामात ते बंद पडले की घरातल्या सगळ्यांची झोप उडते.

शहरात बंगल्यापुढच्या हिरवळीवर गवत कापायचे यंत्र फिरते. त्याचे पेट्रोल इंजिन आणि आपल्या पॉवर वीडरचे इंजिन जातीने एकच. फरक एवढाच, की हिरवळ आठ दिवस थांबते, पऱ्हाटीतले तण थांबत नाही. पावसाने उघडीप दिली, वाफसा आला, की डवरणीला मोजके दिवस मिळतात. निंदणाला मजूर मिळत नाहीत, बैलजोड्या कमी झाल्या, म्हणून तर आपण ही यंत्रे घेतली. त्याच दिवसांत दोरी ओढली, इंजिन सुरू झाले आणि पाच मिनिटांत गप्प झाले, तर काय करायचे? यंत्र गाडीवर घालून तालुक्याला जायचे. तिथे कोणी सांगतो, कार्बोरेटर बदलावा लागेल. पैसे जातात ते जातातच, वाफसाही जातो.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. सुरू होऊन बंद पडणारे इंजिन म्हणजे तिन्ही असलेले, पण त्यातले एक पुरेसे न मिळणारे इंजिन. कोणते एक, हे ओळखायची खूण सोपी आहे. ते कधी बंद पडते ते पाहा.

चोकवरच चालते

सुरू होते, चोक उघडला की मरते. याचा अर्थ पेट्रोल कमी पोचते. चोक म्हणजे हवा दाबून पेट्रोल जास्त ओढायची सोय. तिच्याशिवाय चालत नसेल, तर बहुधा कार्बोरेटरचा जेट कचऱ्याने बुजला आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात कार्बोरेटरखाली वाटी असते. पेट्रोलचा कॉक बंद करा, बोल्ट काढा, वाटी उतरवा. तळाशी पाण्याचे थेंब किंवा गाळ दिसेल. वाटी पुसा, जेट काढून त्यातून हवा फुंका. भोक केसासारखे बारीक असते. त्यात जाड तार खुपसू नका, भोक मोठे होते आणि इंजिन नीट चालत नाही. विजेच्या वायरमधली तांब्याची एक काडी पुरते.

दहा मिनिटे चालते, मग मरते

आधी टाकीचे झाकण पाहा. झाकणाला हवा आत घेणारे बारीक छिद्र असते. ते मातीने बुजले की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. इंजिन बंद पडताच झाकण सैल करा आणि पुन्हा दोरी ओढा. चालू राहिले, तर रोग सापडला. छिद्र साफ करा. खर्च शून्य.

तापल्यावर मरते, निवल्यावर सुरू होते

इंजिनाच्या पंखांत गवत आणि माती अडकली असेल तर ती काढा. या इंजिनाला पाणी नाही, वाराच त्याला थंड ठेवतो. तरीही मरत असेल, तर बंद पडताच प्लग काढून ठिणगी पाहा. पेट्रोलचा डबा लांब ठेवा. प्लग त्याच्या भोकापासून दूर, इंजिनाच्या लोखंडाला टेकवा आणि रबरी मुठीच्या पक्कडीने धरा. गरम असताना ठिणगी नाही आणि थंड झाल्यावर आहे, तर कॉइलवर संशय घ्या. हे काम मिस्त्रीचे.

जोर लागला की मरते

काळा धूर येत असेल तर एअर क्लीनर उघडा. आपल्या काळ्या मातीची धूळ त्यात गच्च बसते. स्पंज असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, वाळवा, थोडे तेल लावून पिळा. कागदी असेल तर धुऊ नका, झटका, नाहीतर बदला. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरचे तोंड काजळीने भरते, तेही पाहा. पात्याला हरळी गुंडाळली असेल, तर प्लगची टोपी काढल्याशिवाय हात घालू नका. बोटे परत मिळत नाहीत.

धक्क्याने एकदम मरते

स्विचची वायर कुठे घासली आहे का, प्लगची टोपी सैल आहे का, हे पाहा. काही फोर-स्ट्रोक यंत्रांत ऑइल कमी झाले की इंजिन आपोआप बंद होते. तिथे दोष नाही, ते स्वतःला वाचवते आहे. ऑइल तपासा.

आता पेट्रोलबद्दल. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे पोचले. म्हणजे १ लिटरमध्ये २०० मिलिलिटर इथेनॉल. गाडी रोज चालते, तिला फारसे जाणवत नाही. आपले यंत्र आठ महिने कोपऱ्यात पडून असते. इथेनॉल ओलावा ओढते. पाणी फार झाले की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसते, आणि इंजिन तळातूनच पिते. टू-स्ट्रोकमध्ये तर तेल वरच्या पेट्रोलात राहते, खालच्या थरात नसते. बिनतेलाचे इंजिन चालले तर पिस्टन जाम होतो. म्हणून मृगात गेल्या वर्षीच्या पेट्रोलवर दोरी ओढू नका. ते काचेच्या बाटलीत घेऊन थोडा वेळ ठेवा. दोन थर दिसले तर इंजिनात घालू नका.

खंडेनवमीला आपण अवजारांची पूजा करतो. त्याच दिवशी यंत्राची टाकी रिकामी करा आणि वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून बंद होऊ द्या. यंत्राची खरी पूजा तीच.

सगळेच काम आपण करावे असे आमचे म्हणणे नाही. कॉइल आणि पिस्टन मिस्त्रीकडेच न्या. पण "बिघडले आहे, बघा" असे म्हणून नेऊ नका. "झाकण सैल करून पाहिले, जेट साफ आहे, तापल्यावर ठिणगी जाते," असे सांगून न्या. बाजारात माल नेताना वजन न करता जो जातो, तो कापला जातो. दुरुस्तीच्या दुकानातही तोच नियम आहे.

प्लगचा पाना, एक नवा प्लग, तांब्याची बारीक तार, काचेची बाटली आणि पक्कड: प्रत्येक गावात एवढा संच एका घरी ठेवा, आणि तो कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असू द्या. पुढच्या बैठकीला येताना बंद पडलेली यंत्रे घेऊन या. इथेच उघडून पाहू.