आवाजाची पायली

जुन्या कॅसेटींवरचा आवाज संगणकात उतरवणं हा माझा व्यवसाय. या कामातली सगळ्यात मोठी चूक मी केली ती माझ्याच घरात. तिथूनच सुरुवात करतो.

आमची आजी जात्यावर बसली की ओव्या म्हणायची. १९८६ साली वडिलांनी त्या टेप करून ठेवल्या. आजी गेल्यावर, २००३ मध्ये, मी ती कॅसेट संगणकात उतरवली. आवाज मोठा यावा म्हणून लेव्हल चढवली. मीटर सारखा लाल होत होता. मला वाटलं, वा, कसा दणदणीत येतोय! काम झालं म्हणून कॅसेट टाकून दिली. पुढे एकदा हेडफोन लावून ऐकलं आणि लक्षात आलं, आजीने सूर चढवला की आवाज फाटतो. नेमका तिथेच, जिथे ती ओवीत माझ्या वडिलांचं नाव गुंफायची.

या फाटण्याला 'क्लिपिंग' म्हणतात. पायली शिगोशीग भरली, की वरची रास हाताने सपाट करतात ना, तसंच हे. डिजिटल मोजमापात शून्य डेसिबल ही पायलीची कड. त्यावर काही मावत नाही. लहरीचा माथा कापला जातो. सांडलेलं धान्य निदान गोळा करता येतं, हा आवाज कुठेच उरत नाही. म्हणून सर्वांत मोठा सूरही कडेच्या सहा-दहा डेसिबल खाली राहील, अशी मोकळी जागा ठेवायची. तिला 'हेडरूम' म्हणतात.

दुसरा शब्द 'सॅम्पलिंग रेट', म्हणजे सेकंदाला आवाज किती वेळा मोजायचा. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी हा आकडा ४४,१०० ठरला. इतका का? माणसाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि तो नीट पकडायला मोजणी दुपटीहून अधिक हवी. हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन यांच्या कामातून आलेला हा नियम. एवढं पाळलं, तर दोन मोजण्यांच्या मधला आवाज हरवतो ही भीती खोटी ठरते. मूळ लहर पुन्हा उभी करता येते. मात्र मर्यादेपलीकडचे सूर आधी गाळून घ्यावे लागतात. नाहीतर ते वेष पालटून, खोटे सूर होऊन खाली उतरतात.

तिसरा शब्द 'बिट डेप्थ', म्हणजे मोजपट्टीवरच्या खुणा. १६ बिटांत ६५,५३६ खुणा, तर २४ बिटांत एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक. खुणा बारीक असल्या की लेव्हल कमी ठेवूनही हळू आवाज नीट टिपला जातो. तेव्हा लाल दिव्याच्या मागे लागायचं कारणच उरत नाही. पुढे सीडीसाठी २४ बिटांचे १६ करताना अगदी सूक्ष्म खरखर मुद्दाम मिसळतात. तिचं नाव 'डिदर'. ती नसली, तर मोजमापातली चूक आवाजाला चिकटून कानाला बोचते.

जतनासाठी ९६ हजार आणि २४ बिट हे माप चांगलं. तासाभराच्या स्टिरिओ आवाजाला सुमारे दोन गिगाबाइट जागा लागते. आज ती महाग नाही.

परवा एक ताई वडिलांच्या कीर्तनाची कॅसेट घेऊन आल्या. "किती वेळ लागेल?" म्हणाल्या. म्हटलं, "नव्वद मिनिटांची कॅसेट, उतरवायलाही नव्वदच मिनिटं. आणि ताई, काम झालं तरी कॅसेट टाकू नका."

तेवढंच तुम्हालाही सांगायचं आहे. मूळ कॅसेट असली, तर चुकलेलं काम पुन्हा करता येतं. माझ्याकडे ती नाही. आजीच्या तोंडचं वडिलांचं नाव मला आता फाटलेलंच ऐकावं लागतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)