घरासाठी जुना संगणक घेताना

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आज मला जो विषय देण्यात आला आहे तो भाषणाचा नसून बाजारहाटाचा आहे, असे आपणांपैकी काहींना वाटेल. तसे वाटले तरी हरकत नाही. कारण सोयाबीन-कपाशीचे पैसे हाती आले की दोन-तीन महिन्यांत ज्या वस्तूंवर ते खर्च होतात, त्यांत अलीकडे संगणकही आला आहे, आणि तो नीट पारखून घेणारे फार थोडे आहेत.

मोबाईल असताना संगणक कशाला, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा एका मोबाईलवर तीन भावंडे शिकली हे खरे. परंतु परीक्षा मोबाईलवर होत नाही. २०१९ पासून एमएच-सीईटी संगणकावर घेतली जाते. जेईई मेनमध्ये तर अंकांचे उत्तरसुद्धा पडद्यावरील आकड्यांवर माऊसने टिचक्या मारून भरावे लागते. ज्या मुलाने माऊस प्रथम परीक्षा केंद्रातच हातात धरला, त्याची पहिली दहा मिनिटे कशात जात असतील याचा विचार करावा. शासकीय लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठी मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द, असे प्रमाणपत्र लागते. हा वेग क्लासच्या एका तासात येत नाही. तो घरी रोज अर्धा तास बोटे चालवून येतो.

नवा संगणक सर्वांना झेपत नाही. तेव्हा जुन्याकडे वळू. मोठ्या शहरांतील कंपन्या आपली यंत्रे साधारणपणे तीन ते पाच वर्षांनी बदलतात. ती यंत्रे व्यापारी घाऊक भावाने उचलतात. जो ती उघडून साफ करतो, नादुरुस्त भाग बदलतो, आधीची माहिती पुसतो आणि काही महिन्यांची हमी देतो, त्याच्या मालाला रिफर्बिश्ड म्हणावे. जो नुसते फडके मारून विकतो, त्याचा माल सेकंडहँड. दुकानाच्या पाटीवर मात्र दोहोंना एकच नाव असते! १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असे नूतनीकरण करणाऱ्याने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावयाची असते. ती आहे का, एवढे विचारले तरी दुकानदार आपल्याशी जरा जपून बोलू लागतो.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन यांवरून यंत्राची लायकी ठरवतात. एका पालकांनी आय-सेव्हन मिळाला म्हणून आनंदाने यंत्र आणले. ते निघाले आय-सेव्हन ४७७०, म्हणजे चौथ्या पिढीचे, २०१३ सालचे. नावापुढील आकडा वाचावा. ४७७० मधला ४, ६५०० मधला ६, ८५०० मधला ८ म्हणजे त्या प्रोसेसरची पिढी; १०५०० असेल तर दहावी. हा आकडा महत्त्वाचा अशासाठी की विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते. काही विक्रेते युक्तीने जुन्या यंत्रावरही विंडोज ११ चढवून देतात. ते चालते, परंतु पुढील सुधारणा मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय आठव्या पिढीत डेस्कटॉपच्या आय-थ्रीला चार कोर मिळाले, त्याआधी दोनच होते. म्हणून आठव्या पिढीचा साधा आय-थ्री घ्यावा, पण चौथ्या पिढीच्या आय-सेव्हनला भुलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रॅम ८ जीबी असावी. हार्डडिस्कऐवजी एसएसडी असावी. यंत्र सुरू होण्यास लागणारा वेळ तिच्यामुळेच कमी होतो. सेटिंग्जमध्ये जाऊन विंडोज ॲक्टिव्हेट आहे का ते समोरच पाहावे. कार्यालयातून आलेल्या यंत्राला कधी कधी बायोसचा पासवर्ड राहिलेला असतो. तो दुकानातच काढून घ्यावा, घरी आणल्यावर कोणी विचारीत नाही.

डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क, लेनोवो थिंकसेंटर ही कार्यालयीन यंत्रे मजबूत असतात. मात्र त्यांच्यातील पॉवर सप्लाय बहुधा त्या त्या कंपनीच्या खास मापाचा असतो. तो जळाला तर मेहकर-चिखलीच्या दुकानातील नेहमीचा सप्लाय त्यात बसत नाही. आपल्याकडे विजेचा लपंडाव सर्वांना ठाऊक आहे, म्हणून यूपीएस आणि घराचे अर्थिंग हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. पुष्कळ यंत्रांत वायफाय नसते, त्यासाठी लहानसा यूएसबी अडॅप्टर लागतो. मॉनिटरची वायर कोणत्या छिद्राची आहे हेही पाहावे. यंत्राला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय, असा विजोड बरेचदा पडतो.

बिल पक्के घ्यावे आणि त्यावर यंत्राचा सीरियल नंबर लिहवून घ्यावा. हमी दुकानात येऊन की घरपोच, हेही त्यावरच नमूद असावे. नागपूर किंवा मुंबईहून मागवलेल्या यंत्राची हमी म्हणजे मलकापूर स्टेशनापर्यंतचे हेलपाटे, हे हिशेबात धरलेले बरे.

ज्यांच्या घरी आधीच जुने यंत्र पडून आहे, त्यांनी ते भंगारात देऊ नये. त्यात एसएसडी टाकून लिनक्स मिंट चढवावे; तो विनामूल्य आहे, आणि लिबर ऑफिसही त्याच्यासोबत येते. टंकलेखनाच्या सरावाला एवढे पुरते. मराठीसाठी, टायपिंग क्लासमध्ये जी मांडणी शिकवतात तीच घरी लावून घ्यावी, नाहीतर बोटे गोंधळतात. उर्दू माध्यमाच्या मुलांना तर मी विशेष आग्रह करीन. कीबोर्डमध्ये उर्दू जोडता येते, नोटो नस्तालीक हा फाँट फुकट मिळतो, आणि निबंध स्वतः टाइप करून छापता येतो. आजवर त्यासाठी इनपेज येणारा माणूस शोधत फिरावे लागे.

बाहेर व्हरांड्यात एक यंत्र झाकण काढून टेबलावर ठेवले आहे. रॅम कोणती, एसएसडी कोणती, सप्लाय कुठला, हे ज्यांना हाताने पाहावयाचे असेल त्यांनी चहानंतर यावे. मुलींना पुढे उभे राहू द्यावे. मागून काही दिसत नाही.