जिना आणि दम



शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला तुम्ही या अग्निसुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद दिलंत. तेव्हा इमारतीविषयी तुम्ही वास्तुविशारद आणि अभियंतेच बोला. मी तिच्यातून जीव वाचवून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसाच्या छातीविषयी आणि पायांविषयी बोलतो.

याच शहरात, छत्रपती संभाजीनगरात, ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छावणीतल्या दाणाबाजारात तळमजल्यावरच्या शिलाईच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातली सात माणसं गेली, त्यांत दोन चिमुकली होती. ज्वाळा त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचल्या नव्हत्या. ती माणसं धुरानं गुदमरली. त्याच्या तीनच महिने आधी वाळूजच्या हातमोज्यांच्या कारखान्यात सहा कामगार झोपेतून उठले ते आगीतच, आणि बाहेर येऊ शकले नाहीत. बातम्यांत आपण ‘आगीचे बळी’ असं लिहितो. पण अशा बहुतेक मृत्यूंत जाळण्याआधी धूर मारतो, आणि धूर सर्वांत लवकर भरतो तो जिन्यात.

थोडा हिशेब मांडतो. सत्तर किलोचा माणूस तीन मीटरचा एक मजला चढतो तेव्हा साधारण दोन हजार ज्यूल काम होतं. स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामी लावतात, म्हणून शरीराला आठ हजार ज्यूल मोजावे लागतात. घाबरलेला माणूस मिनिटाला पाच मजल्यांच्या वेगानं चढू लागला, तर त्याला मिनिटाला दोन लिटरांहून जास्त प्राणवायू लागतो. किलोमागे तीस मिलिलिटरांच्या वर. बैठं काम करणाऱ्या साठीच्या अनेक माणसांची कमाल क्षमताच तीसच्या आत असते. पहिलं अर्धं मिनिट हे जाणवत नाही, कारण स्नायूंत साठवलेली शिदोरी असते. ती संपली की मांड्या भरून येतात, श्वास पुरत नाही आणि माणूस कठड्याला धरून उभा राहतो. तिथं जिद्द कामाला येत नाही. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी उंच इमारतींत माणसांना चढायला लावून हेच मोजलं: शरीर आपल्या कमाल क्षमतेच्या जवळ जातं आणि वेग उतरत जातो.

आता यात धूर मिसळा. विश्रांतीत मिनिटाला सात-आठ लिटर हवा घेणारी छाती जिना चढताना त्याच्या कित्येक पट हवा ओढते, आणि हवेबरोबर कार्बन मोनॉक्साईडही तितक्याच वेगानं आत जातो. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. म्हणजे स्नायू जेव्हा सर्वांत जास्त प्राणवायू मागतात, नेमका तेव्हाच रक्त तो वाहून न्यायला असमर्थ होतं. गच्चीकडे धावण्याची ओढ स्वाभाविक आहे, पण उघडा जिना आगीत धुराडं होतो. चढणारा माणूस उभ्या उंचीत सेकंदाला पाव मीटर वर सरकतो. तापलेला धूर त्याला सहज मागे टाकतो.

हे ज्ञान आपल्या मातीला नवं नाही. इथून पंधरा किलोमीटरवर देवगिरी किल्ल्यातली ‘अंधारी’ ही भुयारी वाट आहे. पायऱ्या असमान, वळणं फसवी, उजेड नाही आणि वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून धुरानं मार्ग कोंडायची सोय. चढणीनं दमलेला, छाती भरून श्वास घेणारा शत्रू धुरात टिकत नाही, हे त्या किल्ला बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ते शत्रूसाठी योजलं. आपल्या अपार्टमेंटमध्ये जिन्याखाली मीटरच्या पेट्या, त्यांच्या शेजारी चार्जिंगला लावलेल्या गाड्या, वर गच्चीच्या दाराला कुलूप! ही रचना आपण आपल्याच लेकराबाळांसाठी केली आहे, आणि हे मला अत्यंत क्लेशदायक वाटतं.

उतरणं दमाला सोपं असतं, चढण्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या खर्चात होतं. पण गुडघ्यांना नाही. प्रत्येक पायरीवर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलतो, आणि काही मजल्यांनी पाय थरथरू लागतात. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांतून उतरणाऱ्यांचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ०.२ मीटर निघाला. आजारी, गरोदर, जड शरीराची माणसं थांबत होती आणि त्यांच्यामागे रांग थांबत होती. त्याच जिन्यांनी वर चढणाऱ्या अग्निशमन जवानांना साहित्यासह एका मजल्याला सुमारे दोन मिनिटं लागत होती. गर्दीत वेग सर्वांत मंद माणूस ठरवतो. प्रभादेवीच्या रेल्वे पुलाच्या जिन्यावर २९ सप्टेंबर २०१७ ला तेवीस जण चेंगरून गेले, तिथं तर आगही नव्हती.

मुंबईची भुयारी मेट्रो आता आरेपासून कफ परेडपर्यंत धावते. तिथं संकटात सुटकेची दिशाच वरची आहे. सरकते जिने बंद पडले तर आजीबाईंना ती उंची स्वतःच्या पायांनी चढावी लागेल. वाटेत बसायला जागा, दोन्ही बाजूंना कठडे आणि धूर न शिरणारा टप्पा हा तिथं मूलभूत हक्क मानला पाहिजे.

आपल्याकडे २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. पंप तपासला जातो, नळ तपासले जातात. चौथ्या मजल्यावरचे दम्याचे आजोबा किती वेळात खाली येतात, हे त्या कागदावर कुठं लिहायचं?

म्हणून या परिषदेपुढं माझा ठराव असा आहे. कवायतीत तरुण कर्मचारी नकोत, प्रत्यक्ष राहणारी माणसं उतरवा आणि शेवटच्या माणसाची वेळ नोंदवा. ज्यांना उतरता येणार नाही, त्यांची यादी मजल्यानुसार आधीच तयार ठेवा, आणि त्यांना कोण उचलणार हेही ठरवा. जुन्या बाजारपेठांत, जिथं खाली दुकान आणि वर घर आहे, तिथं दुकानाशी संबंध नसलेली दुसरी वाट काढल्याशिवाय तळमजल्यावर गाड्या चार्ज करू देऊ नका. घरांत धूरसूचक बसवा. पहाटे चारला झोपलेल्या माणसाला नाकापेक्षा कर्कश आवाज लवकर उठवतो. छावणीपासून सुरुवात करू या. उद्याच्या सत्रात अग्निशमन दलाचे आणि महापालिकेचे अधिकारी उपस्थित असतील, तेव्हा हा ठराव त्यांच्यासमोरच मतास टाकावा, अशी माझी विनंती आहे.